रोड हिल हाऊस प्रकरण

रोड हिल हाऊस प्रकरण : (१८६०–६५). इंग्लंडमधील विल्टशर व सॉमरसेट या परगण्यांच्या हद्दीवरील रोड या गावी घडलेले बालहत्येचे प्रकरण. झोपेतून नाहीसे झालेले लहान भावंड, काही जाणत असूनही न बोलणारी सोळा वर्षांची मुलगी, बाहेरून आलेला चतुर पोलीस अधिकारी आणि घराबाहेर काही जाऊ न देणारे कुटुंब ही इंग्रजी रहस्यकादंबरीची मांडणी याच प्रकरणातून रूढ झाली. रहस्यकथेच्या इतिहासात त्याची दखल बहुधा डिटेक्टिव्हच्या व्यक्तिरेखेचा उगम म्हणून घेतली जाते. प्रस्तुत नोंदीत भर आहे तो साक्षीवर. किशोरवयीन साक्षीदाराच्या शब्दावर विसंबता येत नाही, तेव्हा तपास कशाच्या आधाराने पुढे न्यायचा, हा प्रश्न या प्रकरणाने उभा केला. त्याचे जे उत्तर कादंबरीने स्वीकारले, ते प्रत्यक्ष प्रकरणाला पुरे पडलेले नाही.

घर व कुटुंब : सॅम्युअल सॅव्हिल केंट हा कारखान्यांचा सरकारी उपनिरीक्षक होता. पहिल्या पत्नीच्या मृत्यूनंतर (१८५२) पुढच्याच वर्षी त्याने मेरी प्रॅट हिच्याशी लग्न केले. ती त्याच घरात मुलींची शिक्षिका म्हणून आलेली होती. कॉन्स्टन्स (जन्म १८४४) आणि तिच्या पाठचा विल्यम (जन्म १८४५) ही पहिल्या पत्नीची धाकटी मुले. १८६० मध्ये पहिल्या घरची मुले वरच्या मजल्यावर नोकरांच्या खोल्यांशेजारी राहत, तर दुसऱ्या पत्नीची लहान मुले मधल्या मजल्यावर आईवडिलांच्या जवळ असत. १८५६ साली, बारा वर्षांची असताना, कॉन्स्टन्सने केस कापून ते आवारातील शौचकूपात टाकले, मुलाचे कपडे चढवले आणि विल्यमला बरोबर घेऊन घर सोडले. ब्रिस्टलला जाऊन जहाजावर काम मिळवण्याचा त्यांचा बेत होता, पण बाथ येथेच दोघे सापडली.

घटना : २९ जून १८६० च्या रात्री सॅव्हिल हा दुसऱ्या पत्नीचा, चार वर्षेही पुरी न झालेला मुलगा बालकांच्या खोलीत झोपला होता. पहाटे पाचच्या सुमारास एलिझाबेथ गॉफ या दाईला त्याचा बिछाना रिकामा दिसला. आईने उचलून नेला असेल असे समजून ती पुन्हा झोपली. सव्वासातच्या सुमारास तिने मालकिणीचे दार ठोठावले, तेव्हा मूल तिथेही नव्हते. पांघरुणातील एक ब्लँकेट गेले होते, उरलेले नीट सारखे केलेले होते. दिवाणखान्याची खिडकी आणि तिची झडप अर्धवट उघडी होती. मुलाला कोणी पळवले असावे असे म्हणत वडील ट्रोब्रिजच्या पोलिसांना कळवायला निघाले. ते वाटेवर असतानाच गावातील दोघांना झुडपांमधील नोकरांच्या शौचकूपात मुलाचे प्रेत मिळाले. गळा चिरलेला होता आणि छातीत भोसकल्याची जखम होती.

साक्ष : २ जुलै रोजी कॉरोनरने चौकशी भरवली. कुटुंबाला त्रास देण्यास तो फारसा राजी नव्हता. ज्यूरीने आग्रह धरल्यावर कॉन्स्टन्स आणि विल्यम यांची जबानी त्यांच्याच घरी घेण्यात आली. प्रश्न थोडे होते आणि उत्तरे त्याहून थोडी : रात्री झोपलो, सकाळी कळले. पुढे हत्येचा आरोप झाल्यानंतर कॉन्स्टन्सला शपथेवर बोलण्याची मुभाच उरली नाही, कारण इंग्लंडमधील आरोपीला स्वतःच्या बचावासाठी साक्ष देण्याचा सर्वसाधारण हक्क १८९८ च्या कायद्याने मिळाला. म्हणून या प्रकरणातील मुख्य व्यक्तीचे म्हणणे पाच वर्षे केवळ इतरांच्या तोंडून ऐकू येत राहिले. शाळेतल्या मैत्रिणींना ती सावत्र भावंडांबद्दल काय बोलली, मोलकरणीशी काय बोलली, यावर खटल्याची बरीच भिस्त राहिली. तिला अविश्वसनीय साक्षीदार म्हणायचे, तर आधी तिची साक्ष नीट घेतलीच गेली नाही, ही गोष्ट नोंदवणे भाग आहे.

धोब्याची वही : स्थानिक पोलिसांचे काही चालेना, तेव्हा जुलैच्या मध्यास स्कॉटलंड यार्डने इन्स्पेक्टर जॅक व्हिचर (१८१४–८१) याला पाठवले. माळ्याचा मुलगा असलेला व्हिचर १८४२ मध्ये स्थापन झालेल्या डिटेक्टिव्ह शाखेच्या पहिल्या आठ जणांपैकी एक होता, आणि चार्ल्स डिकन्सने १८५० मध्ये बदललेल्या नावाने त्याच्याविषयी लिहिलेही होते. व्हिचर केवळ लोकांच्या बोलण्यावर विसंबला नाही. त्याने कपडे मोजले. कॉन्स्टन्सचे रात्री घालायचे गाऊन तीन असायला हवे होते, प्रत्यक्षात दोनच मिळाले. हत्येनंतरच्या सोमवारी सारा कॉक्स ही मोलकरीण धुण्याचे कपडे टोपलीत भरत होती आणि थोरल्या मुलीने वहीत केलेली यादी तयार होती. इतक्यात कॉन्स्टन्स तेथे आली. आपली पैशांची पिशवी एखाद्या कपड्याच्या खिशात राहिली आहे का ते पाहायला तिने साराला सांगितले, आणि मग खाली जाऊन पाण्याचा पेला आणायला लावले. नंतर धोबिणीने सांगितले की वहीत लिहिलेला एक गाऊन टोपलीत आलाच नाही. व्हिचरचा तर्क असा : सारा पाणी आणायला गेली तेवढ्यात मुलीने टोपलीतला निष्पाप गाऊन परत काढून घेतला. म्हणजे रक्ताचा गाऊन तिने आधीच नष्ट केला होता, आणि हरवलेल्या गाऊनचा दोष धोबिणीच्या माथी बसणार होता.

तपासशास्त्राच्या इतिहासात हा तर्क फार मोलाचा आहे. त्यात कुणाच्याही चेहऱ्याचे, स्वभावाचे किंवा घराण्याचे वाचन नाही. एक यादी, एक टोपली आणि काही मिनिटे एवढेच त्यात आहे. बोलणे फिरवता येते, वहीतला आकडा सहसा फिरवता येत नाही, या भरवशावर तो उभा आहे. पण न्यायासनापुढे तो टिकला नाही. व्हिचरने २० जुलैला कॉन्स्टन्सला अटक केली आणि २७ जुलैला स्थानिक मॅजिस्ट्रेटांनी तिला जामिनावर सोडले. हाती असलेला मुख्य पुरावा म्हणजे एका वस्तूचा अभाव होता, आणि अभाव न्यायालयात मांडून दाखवता येत नाही. वर एका कामकऱ्याच्या पोराने सभ्य घरातील मुलीच्या आतल्या कपड्यांची झडती घ्यावी, याचा वर्तमानपत्रांना संताप आला. शरद ऋतूत दाई गॉफ हिला अटक झाली आणि तीही सुटली. व्हिचरची प्रतिष्ठा गेली. १८६४ मध्ये तो प्रकृतीच्या कारणावरून निवृत्त झाला.

वस्तूंवरील विश्वासालाही मर्यादा होती, हे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उघड झाले. हत्येच्या दिवशीच स्थानिक पोलिसांना स्वयंपाकघराच्या बाजूच्या चुलाण्यात रक्ताने माखलेले एक बायकी अंतर्वस्त्र सापडले होते. ते पाळीच्या रक्ताचे असावे अशी समजूत करून घेतली गेली, संकोचापोटी ते दडपले गेले आणि पुढे ते गायब झाले. त्या रात्री पाळतीसाठी स्वयंपाकघरात बसवलेल्या पोलिसांना केंटने कडी लावून आतच कोंडले होते. याबाबत व्हिचरला कोणी अवाक्षर सांगितले नाही. ते वस्त्र कोणाचे, याचा निर्णय आजही झालेला नाही. वस्तू खोटे बोलत नाही हे मान्य केले, तरी ती कोणाच्या हाती लागते आणि तिच्याविषयी बोलायची त्याची तयारी आहे का, यावर तिची साक्ष अवलंबून असते.

कबुली : २५ एप्रिल १८६५ रोजी कॉन्स्टन्सने लंडनमधील बो स्ट्रीट न्यायालयात हजर होऊन हत्या आपण एकटीनेच केल्याचे सांगितले. ब्रायटन येथील एका धार्मिक आश्रमात ती राहत होती आणि तेथील रेव्हरंड आर्थर वॅग्नर तिच्यासोबत आला होता. जुलैमध्ये सॉल्झबरीच्या न्यायालयात तिने गुन्हा कबूल केला. फाशीची शिक्षा जन्मठेपेत बदलण्यात आली आणि २० वर्षांनी, १८८५ मध्ये, तिची सुटका झाली. बहुतेक संदर्भग्रंथ येथे प्रकरण मिटवतात. तसे करणे योग्य नाही. तिच्या निवेदनानुसार हत्यार म्हणजे वडिलांच्या कपाटातून घेतलेला वस्तरा होता. प्रेत तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मते छातीवरची जखम टोकदार, दणकट हत्याराचीच होती, वस्तऱ्याची नव्हे. तिच्या म्हणण्याप्रमाणे गाऊनवर रक्ताचे दोनच ठिपके पडले होते, जखमांचे स्वरूप पाहता हे पटत नाही. झोपलेल्या मुलाला एका हाताने उचलून दुसऱ्या हाताने पांघरूण सारखे करणे आणि मग खिडकी उघडणे एका व्यक्तीला कितपत जमले असते, ही शंकाही जुनीच आहे.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की तिने स्वतः येऊन कबुली दिली, वीस वर्षे शिक्षा भोगली आणि ते शब्द कधी मागे घेतले नाहीत. याहून अधिक काय हवे? हा आक्षेप वजनदार आहे आणि तिचा हात नव्हता असे येथे म्हणायचे नाही. परंतु ‘मी केले’ आणि ‘मी एकटीने केले’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्याला गाऊनचा पुरावा आधार देतो, दुसऱ्याला केवळ तिचा शब्द. विल्यमचा सहभाग असावा हा संशय व्हिचरपासून चालत आलेला आहे, आणि केट समरस्केल हिने ‘द सस्पिशन्स ऑफ मिस्टर व्हिचर’ (२००८) या ग्रंथात तो पुन्हा सविस्तर मांडला. त्यास निर्णायक पुरावा नाही. परंतु भावाला वाचवायचे असेल तर आयुष्यभर पाळलेले मौन हीच त्याची रीत ठरते, त्यामुळे शब्द मागे न घेण्याने ते पूर्ण सत्य असल्याचे सिद्ध होत नाही. दुसरा आक्षेप स्मृतीचा : पाच वर्षांनी तपशील चुकणारच. वेळा आणि क्रम चुकले असते तर हे मान्य करता आले असते. हत्यार कोणते होते हा विसरण्याजोगा तपशील नव्हे.

तिसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. किशोरवयीन मुलीला अविश्वसनीय ठरवणे हा व्हिक्टोरियन काळाचा पूर्वग्रह असून आईकडून आलेले वेड, वयात येण्यातला क्षोभ अशा कल्पनांचे ते अपत्य आहे, असे हा आक्षेप सांगतो. असे लेखन त्या काळी झाले हे खरेच. म्हणूनच अविश्वासाचे कारण अचूक सांगायला हवे, आणि ते वयात नाही. सोळा वर्षांच्या मुलीचे अन्न, निवारा आणि पुढचे आयुष्य ज्या घरावर अवलंबून, त्याच घरात, घरच्यांच्या आश्रयाखाली तिला बोलायला लावले गेले. एकवीस वर्षांची असताना बोलली, तीही एका धर्मगुरूच्या छायेत आणि कदाचित भावाच्या भवितव्याचा विचार करत. दोन्ही वेळी तिचे बोलणे तिच्या स्थितीने बांधलेले होते. १८६० मधील नकाराला आपण जी कसोटी लावतो, तीच १८६५ मधील कबुलीला लावली पाहिजे. कबुली हा साक्षीचाच एक प्रकार आहे, साक्षीचा शेवट नव्हे.

साहित्यातील पडसाद : विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’ (१८६८) या कादंबरीत या प्रकरणाची सामग्री उघड दिसते. खून जाऊन चोरी आली. चोरीला जाणारा हिरा मुळात सोमनाथच्या देवाचा आणि श्रीरंगपट्टणच्या लुटीत इंग्रजांच्या हाती लागलेला. रक्ताच्या जागी दारावरचा ओला रंग आला, पण डाग पडलेला रात्रीचा गाऊन तसाच राहिला आणि तपास करणारा सार्जंट कफ धोब्याची वही मागवतो, तेही तसेच. अठराव्या वाढदिवसाच्या रात्री हिरा गमावणारी रेचेल व्हेरिंडर चोरी डोळ्यांनी पाहते आणि तरीही बोलत नाही. कफ तिच्या मौनाचा अर्थ गुन्हा असा लावतो. तो चुकतो, कारण ती गप्प बसलेली असते प्रेमापोटी. येथे कॉलिन्सने व्हिचरच्या पद्धतीची खरी उणीव हेरली : डाग कुठून आला हे वस्तू सांगते, माणूस का गप्प आहे हे सांगत नाही. मात्र कादंबरीच्या शेवटी सर्व साक्षी एकमेकींशी जुळतात आणि शंका उरत नाही. नंतरच्या रहस्यकथांनी हा जुळलेला शेवट उचलला आणि ती उणीव बाजूला ठेवली. डिकन्सच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ (१८७०) मध्ये लहानपणी मुलाच्या वेषात भावासह पळून जाणारी हेलेना लँडलेस आहे. खुद्द डिकन्सला मात्र वडील व दाई यांचाच संशय होता.

उत्तरायुष्य : सुटकेनंतर कॉन्स्टन्स ऑस्ट्रेलियात गेली आणि रूथ एमिली के या नावाने परिचारिका झाली, मृत्यू १० एप्रिल १९४४, वयाच्या शंभराव्या वर्षानंतर. विल्यम सॅव्हिल-केंट सागरी जीवशास्त्रज्ञ म्हणून नावाजला. ग्रेट बॅरिअर रीफवरील त्याचा ग्रंथ १८९३ चा.

रूपांतरे : ‘डेड ऑफ नाइट’ (चित्रपट, १९४५) मधील एक प्रसंग, समरस्केलच्या ग्रंथावरील दूरचित्रवाणीपट (२०११).

मूल्यमापन : वस्तूंच्या साक्षीने बोलण्यातला खोटेपणा उघड करायचा, ही पद्धत रहस्यकथेने या प्रकरणातून घेतली आणि त्यासाठी तिने व्हिचरचे ऋण मानणे रास्त आहे. पण शेवटच्या प्रकरणात गुन्हेगाराकडून कबुली वदवून घेऊन सर्व प्रश्न सुटल्याचे दाखवण्याची तिची सवय मूळ प्रकरणाशी प्रामाणिक नाही. हरवलेले भावंड आणि न बोलणारे मोठे मूल यांच्याभोवती आज जे लेखक कथा रचतात, त्यांनी सोळा वर्षांच्या साक्षीदाराचे खरेखोटे तपासण्याआधी तो कोणाच्या छपराखाली आणि कोणासमोर बोलतो आहे हे तपासावे. रोड येथे ते वेळीच तपासले गेले असते, तर निदान दोन भावंडांना वेगवेगळे बसवून, वडिलांच्या गैरहजेरीत, पुरेसे प्रश्न विचारले गेले असते.