आर्वीची तबकडी आणि मधला स्पीकर

जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके बाहेरच्या माणसाला शिवनेरीमुळे, लेण्यांमुळे, नाहीतर नारायणगावच्या टोमॅटो बाजारामुळे माहीत असतात. या भागाची आणखी एक ओळख आहे, पण तिची पाटी कुठे लागत नाही. आकाशातून येणारा अतिशय क्षीण आवाज ऐकायला शास्त्रज्ञांनी आमचीच जमीन दोनदा निवडली.

पहिली निवड आर्वीची. नारायणगावजवळच्या या गावात १९७१ साली भारताचं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. ते ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसचं होतं, त्याला नाव मिळालं विक्रम साराभाईंचं. परदेशचे फोन, टेलेक्स, टीव्हीचं प्रक्षेपण यांची ये-जा हिंदी महासागरावरच्या इंटेलसॅट उपग्रहामार्फत इथून होऊ लागली. तबकडीचा व्यास जवळपास ३० मीटर. त्या काळचे उपग्रह फार दुबळ्या आवाजात बोलत, म्हणून कान एवढा मोठा लागे. शिवाय आजूबाजूला डोंगरांचा आडोसा हवा, म्हणजे जमिनीवरच्या सूक्ष्मलहरींचा गोंगाट कानात शिरत नाही.

दुसरी निवड खोडदची. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभारली. २००१ साली तिचं लोकार्पण झालं. या दुर्बिणीला ऐकायचे असतात आकाशगंगांचे आणि पल्सारांचे संदेश, आणि तिला छळणाऱ्या गोष्टींत एक अगदी घरगुती वस्तू आहे: टीव्हीचा बूस्टर. बिघडलेला बूस्टर सिग्नल वाढवता वाढवता स्वतःच प्रक्षेपण करू लागतो. कौलावरच्या काठीला बांधलेली ती डबी दूरच्या आकाशगंगेपेक्षा कितीतरी मोठ्याने ओरडते.

असा बूस्टर घोडेगावात आमच्याही काठीवर होता. सिंहगडाच्या दिशेने अँटेना वळवायची, कुणीतरी वर चढायचं, खालून ‘आलं, आलं... गेलं!’ ओरडायचं. पडद्यावर मुंग्या असत, तरी कुणाला वाईट वाटत नसे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याकडे त्याचं सहक्षेपण होऊ लागलं. १९८२ साली देशात रंगीत टीव्ही आला. चित्राला रंग चढले, पण आमच्यापर्यंत पोचणारा आवाज होता तसाच राहिला, एकाच वाहिनीचा. १९७५ चा ‘शोले’ ७० मिलिमीटरच्या पडद्यावर सहा ध्वनिपट्ट्यांसह झळकला होता. टीव्हीवर तोच सिनेमा आमच्याकडे बोटभर जाळीच्या एका स्पीकरमधून आला.

आवाज चहूबाजूंनी यावा ही हौस इथल्या लोकांना नवी नाही. ‘डॉल्बी’ शब्द लहान पोरालाही ठाऊक आहे. आमच्याकडे डॉल्बी म्हणजे ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. ती गल्लीत शिरली की खिडक्यांची तावदानं थरथरतात. प्रत्यक्षात रे डॉल्बी या अभियंत्याने नाव कमावलं ते गोंगाट कमी करण्यात. १९६३ ते १९६५ तो युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतात होता. १९६५ मध्ये त्याने लंडनला प्रयोगशाळा काढली, ती टेपवरची खरखर दाबण्यासाठी. म्हणजे मिरवणुकीतला आपला शब्द मूळ माणसाच्या कामाच्या बरोबर उलट आहे.

पुढे याच प्रयोगशाळेने सिनेमाच्या दोन ध्वनिपट्ट्यांत चार दिशांचा आवाज कोंबण्याची युक्ती रूढ केली. मधला आवाज, म्हणजे मुख्यतः संवाद, डाव्या आणि उजव्या दोन्ही पट्ट्यांत सारखा टाकायचा. मागचा आवाज दोन्हींत टाकायचा, पण एकमेकांच्या उलट करून. ऐकणाऱ्या यंत्राने मग साधं अंकगणित करायचं. बेरजेत मधला आवाज ठळक होतो आणि मागचा आपसात कटतो. वजाबाकीत मधला कटतो आणि मागचा उरतो. १९८७ पासून प्रो लॉजिक नावाने हे गणित घरगुती यंत्रांत शिरलं.

मला याची गरज पडली ती अण्णांमुळे. वडिलांचं वय झालं तसं त्यांना टीव्हीचा आवाज पुरेना. आवाज वाढवला की म्हणायचे, “मोठा करू नको रे. मोठं ऐकू येतंय. काय म्हणतायत ते कळत नाहीये.” तक्रार अचूक होती. म्हातारपणी आधी उंच पट्टीचे आवाज जातात, आणि स, श, फ, थ यांची ओळख तिथेच दडलेली असते. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. त्यावर मालिकेतलं पार्श्वसंगीत बसलं की वाक्याचा नुसता आकार उरतो. अण्णा हळूहळू टीव्हीसमोरून उठून ओट्यावर बसू लागले. घरातल्या गप्पांतूनही ते असेच सरकत गेले असते, ही भीती मला जास्त होती.

जुन्या ऑफिसच्या संगणकात मी उपग्रह प्रक्षेपण पकडणारं कार्ड बसवलं. गच्चीवर ६० सेंटिमीटरची तबकडी होतीच. तिचा रोख ९३.५ अंश पूर्वेच्या उपग्रहाकडे, म्हणजे आपल्या इथून आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५८ अंश वर. आर्वीच्या तबकडीचं क्षेत्रफळ हिच्या सुमारे अडीच हजार पट. उपग्रह बलवान झाले म्हणून आता परातीएवढ्या कानावर भागतं. डीडी फ्री डिशच्या वाहिन्या संगणकावर सहज दिसल्या. पाच स्पीकर आणि एक घुमणारा खोका जोडला.

सशुल्क एचडी वाहिन्यांपैकी काहींवर खरा ५.१ आवाज असतो, सहा वेगळ्या वाहिन्यांचा. पण त्या कुलूपबंद. त्यासाठी कंपनीचाच डबा लागतो, आणि डब्यातून आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवण्याची सोय चालू करावी लागते. फुकट वाहिन्यांवर मला मिळाला दोन वाहिन्यांचा दाबलेला आवाज. त्यातून बेरीज-वजाबाकीने पाच स्पीकर भरायचे. इथे एक अडचण येते. प्रक्षेपणात जागा वाचवायला आवाज फार दाबला, तर डाव्या-उजव्यातला सूक्ष्म फरक पुसला जाऊ शकतो. मागचा आवाज नेमका त्या फरकातच लपलेला असतो. मग पाऊस पाठीमागे पडत नाही, नुसतं काहीतरी कुजबुजतं.

अण्णांना पाऊस नको होता. मी मधला स्पीकर टीव्हीच्या खाली ठेवला, त्याचा आवाज वाढवला, बाजूचे दोन कमी केले, मागचे आणखी कमी. संवाद पुढे आले, संगीत बाजूला सरकलं. एके दिवशी सह्याद्री वाहिनीवर जुनं, एकाच ध्वनिपट्टीचं नाटक लागलं. डावं आणि उजवं तंतोतंत सारखं असल्यामुळे वजाबाकी शून्य. मागचे स्पीकर मुके, सगळं नाटक मधून. चार स्पीकर गप्प बसलेले पाहून मी तारा तपासायला उठलो, तर अण्णा म्हणाले, “बस खाली. आत्ता कुठं नीट ऐकू येतंय.”

नारायणगाव ही तमाशाची पंढरी, विठाबाईंचं गाव. अण्णांनी तरुणपणी जत्रांतले फड रात्र रात्र ऐकलेले. गाणारी पुढे मधोमध, ढोलकी-हलगी बाजूला, तुणतुणं आणि झांज घेतलेले झिलकरी मागे, तिचा सूर उचलून धरायला. कितीही कडाका उडाला तरी शब्द हरवता कामा नये, कारण सवाल-जवाबात शब्द हरवला तर उरतं काय? मधला स्पीकर काय करतो हे त्यांना मी याच भाषेत सांगितलं, आणि त्यांना ते पहिल्या झटक्यात पटलं.

काठीवरचा तो जुना बूस्टर मी मग उतरवून टाकला. खोडदच्या दुर्बिणीला त्याने कितपत फरक पडला असेल कोण जाणे. आमच्या घरात मात्र अण्णा आता मालिकेतल्या सासूला उत्तरं देतात, आणि ती उत्तरं प्रश्नाला धरून असतात.