योग आणि धूम्रपानमुक्ती (कर्करोगोत्तर)
कर्करोगाच्या उपचारांतून बाहेर पडलेल्यांना सिगारेट-विडी सोडताना समुपदेशन व औषधांच्या जोडीला दिलेली आसने, प्राणायाम अशा व्यायामांची साथ. निदानानंतरही धूम्रपान चालू राहिल्यास मृत्यूचा आणि दुसरा कर्करोग उद्भवण्याचा धोका वाढतो. तरीही ते सुटत नाही, यात रुग्णाला दोष देणे अन्यायाचे आहे: रोग उलटण्याची धास्ती, निद्रानाश आणि निकोटीनची तलफ त्याला एकाच वेळी छळत असतात. तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ संथ, लांब उच्छ्वासावर लक्ष टिकले, तर पाकिटाकडे जाणारा हात थांबू शकतो.

पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) यांच्या पद्धतीचा योग समुपदेशनाला जोडून अमेरिकेत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. उपक्रमाच्या अखेरीस योगगटात धूम्रपान सुटण्याची शक्यता अधिक आढळली. मात्र सहभागी सर्वसाधारण धूम्रपानी होते. कर्करुग्णांबाबत तोच निष्कर्ष गृहीत धरता येत नाही.

हाडांत पसरलेला रोग, हाताची लसिकासूज किंवा कमी झालेल्या रक्तबिंबिका असल्यास आसने डॉक्टरांच्या सल्ल्यानेच निवडावीत. निकोटीनचे च्युइंगगम, पट्ट्या किंवा व्हॅरेनिक्लिन हे औषध यांना योग हा पर्याय नाही.