एक लाखाचे ‘१ई+०५’ कसे होतात? ‘आर’मध्ये आकड्यांची यादी मजकुरात बदलताना काय लक्षात ठेवायचं?

सोशल मीडियावरच्या एखाद्या चार्टवर ‘१ई+०५’ असं काहीतरी लिहिलेलं तुम्ही पाहिलंय का? ही टायपिंगची चूक नाही. तो पूर्ण एक लाखाचा आकडा आहे. पण घाईत स्क्रोल करणाऱ्याला तो ‘१’ वाटू शकतो. मग हे होतं कसं?

‘आर’ म्हणजे काय?

‘आर’ ही सांख्यिकीसाठी वापरली जाणारी मोफत प्रोग्रॅमिंग लँग्वेज आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ती तयार केली. तिची १.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. आज संशोधकांपासून डेटा पत्रकारांपर्यंत अनेक जण ती वापरतात.

एक लाखाचं रूप का बदलतं?

समजा, तीन व्हिडिओंचे व्ह्यूज आहेत: ९९९९९, १००००० आणि १००००१. हे आकडे एका वाक्यात लिहायचे म्हणून तुम्ही ‘पेस्ट’ हे फंक्शन वापरलं. उत्तर येईल: ९९९९९, १ई+०५, १००००१.

फक्त मधलाच आकडा बदलला. कारण ‘पेस्ट’ प्रत्येक आकड्याकडे सुटं बघतं आणि ‘आर’ कमी जागा घेणारं रूप निवडते. ‘१०००००’ लिहायला सहा जागा लागतात, ‘१ई+०५’ला पाचच. ‘ई+०५’ म्हणजे ‘गुणिले १० चा पाचवा घात’. १००००१ मात्र या पद्धतीने लिहिला तर लांबतो, म्हणून तो तसाच राहतो.

मग कोणतं फंक्शन वापरायचं?

• पेस्ट: आकडे जोडून एक ओळ करण्यासाठी. मध्ये स्वल्पविराम हवा असेल तर तो ‘कोलॅप्स’ या पर्यायात द्यायचा.

• फॉरमॅट: हे पूर्ण यादी एकत्र बघतं आणि सगळ्यांना सारखं रूप देतं. वरचे तिन्ही आकडे इथे नीट दिसतात. २.५, १० आणि ३.१४१५९ दिले तर तिन्हींना पाच दशांश स्थळं मिळतात. रांग जुळावी म्हणून लहान आकड्यांपुढे मोकळी जागाही येते. वाक्यात ती नको असेल तर ‘ट्रिम’ पर्याय आहे.

• स्प्रिंट-एफ: दशांश स्थळं तुम्ही ठरवता. दोन सांगितली तर वरचे आकडे २.५०, १०.०० आणि ३.१४ असे येतात.

‘सायपेन’ ही सेटिंग वाढवली तर ‘ई’वालं रूप टाळता येतं. अनेक जण कोडच्या सुरुवातीलाच ती ९९९ करून ठेवतात.

लाख-कोटींच्या स्वल्पविरामाचं काय?

‘बिग मार्क’ या पर्यायाने स्वल्पविराम देता येतो, पण तो दर तीन अंकांनंतर पडतो. म्हणजे १२,३४,५६७ ऐवजी १,२३४,५६७ मिळतं. या पर्यायात सगळे गट सारख्याच अंकांचे असतात. आपल्यासारखे आधी तीन, मग दोन-दोन असे गट हवे असतील तर वेगळा कोड लिहावा लागतो.

खरा धोका कुठे?

आकडा मजकूर झाला की तो फक्त दिसायला आकडा उरतो. ९, १० आणि १०० मजकूर म्हणून दिले आणि सर्वांत मोठा कोणता असं विचारलं, तर ‘आर’ ९ सांगते! कारण शब्दकोशासारखी पहिल्या अक्षरापासून तुलना होते. बेरीज करायला गेलात तर निदान एरर येते. इथे मात्र काहीच इशारा मिळत नाही.

दुसरी गोष्ट नसलेल्या माहितीची. रिकाम्या जागेसाठी ‘आर’ ‘एनए’ ही खूण ठेवते. ‘पेस्ट’मधून गेल्यावर ती साधी दोन अक्षरं बनते. त्यानंतर माहिती कुठे नाही हे शोधलं तर ती जागा सापडत नाही.

थोडक्यात काय?

आधी सगळी गणितं उरका. आकड्यांचा मजकूर अगदी शेवटी करा आणि तोही वेगळ्या नावाने साठवा, म्हणजे मूळ आकडे हाताशी राहतात. पोस्ट करण्यापूर्वी तयार ओळ एकदा डोळ्यांखालून घाला, विशेषतः शून्यांनी संपणारे मोठे आकडे. आणि चार्टवर ‘ई+०५’ दिसलंच, तर शेअर करण्याआधी पाच शून्यं मोजा.