डिजिटल मीडिया आर्ट्सची पदवी : खान्देशातील मुला-मुलींनी प्रवेशापूर्वी काय तपासावे?

एप्रिल जवळ आला की जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूरच्या प्रत्येक वस्तीत आपली दोन-चार मुले रात्र-रात्र कॉम्प्युटरसमोर बसलेली दिसतात. कुणी जयंतीचा बॅनर करतो, कुणी मिरवणुकीचा व्हिडिओ एडिट करतो, कुणी भीमगीताला चित्रे जोडतो. बहुतेकांनी हे सारे मोबाईलवर पाहून पाहून आत्मसात केलेले असते. बारावीचा निकाल लागला की हीच मुले विचारतात, "यातच पदवी करता येते का?" आणि त्यांचे आईवडील विचारतात, "पैसे किती लागतील, आणि पुढे पोट भरेल का?"

या दोन्ही प्रश्नांना एकत्र उत्तर द्यावे, म्हणून हा लेख. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : हे शिक्षण जरूर घ्यावे, पण पदवी मान्यताप्राप्त असावी, पाया चित्रकलेचा असावा आणि शिष्यवृत्तीची कागदपत्रे आधी तयार असावीत. यातली एक गोष्ट चुकली, तरी घरची जमापुंजी जाते आणि हाती नुसते सर्टिफिकेट राहते.

हे शिक्षण म्हणजे काय?

डिजिटल मीडिया आर्ट्स म्हणजे चित्र, अक्षर, फोटो, आवाज आणि हलते दृश्य यांच्या साहाय्याने कॉम्प्युटरवर काही सांगण्याची कला. चांगल्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी रेखाटन, रंग, रचना आणि अक्षरकला शिकवतात. पुढे फोटोग्राफी, कॅमेरा, ध्वनी, एडिटिंग, ॲनिमेशन, वेबसाइट आणि ॲपची मांडणी येते. शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याला स्वतःचा प्रकल्प करावा लागतो.

पदवीवर 'डिजिटल मीडिया आर्ट्स' हेच नाव असेल असे नाही. बीएफए (उपयोजित कला), बी.डेस., बी.एस्सी. ॲनिमेशन, मल्टिमीडिया, बी.व्होक., जनसंवाद आणि पत्रकारिता अशा वेगवेगळ्या नावांखाली हे विषय विभागलेले असतात. म्हणून नाव शोधत बसू नका, विषयपत्रिका मागून वाचा. तीन वर्षांत नुसती सॉफ्टवेअरची नावे दिसली, तर तो क्लास आहे असे समजा. सॉफ्टवेअर दोन-चार वर्षांत बदलते. नजर आणि हात मात्र एकदा तयार झाले की आयुष्यभर कामाला येतात.

ही वाट आपल्या भागाला नवी नाही

"हे मुंबई-पुण्याच्या मुलांचे काम," असे अनेक पालक म्हणतात. त्यांना आम्ही तीन गोष्टी सांगतो.

पहिली, अजिंठा. जळगावहून ही लेणी साधारण ६० किलोमीटरवर आहेत. सतराव्या लेण्यात वेस्संतर आणि छद्दंत जातकांच्या कथा भिंतीवर चित्रांतून सांगितल्या आहेत. एकच पात्र त्याच भिंतीवर पुन्हा पुन्हा येते आणि कथा पुढे सरकते. आज ॲनिमेशनच्या वर्गात जो स्टोरीबोर्ड शिकवतात, त्याचे मूळ तत्त्व हेच आहे. अक्षर न येणाऱ्या माणसालाही धम्म समजावा, म्हणून केलेले ते दृश्यमाध्यम होते.

दुसरी, चाळीसगावचे केकी मूस (१९१२ ते १९८९). मुंबईत जन्मलेल्या आणि इंग्लंडच्या संस्थेत कला शिकलेल्या या छायाचित्रकाराने आयुष्य चाळीसगावात, बरेचसे घराच्या चार भिंतींतच घालवले. टेबलावर साध्या वस्तूंची मांडणी करायची, त्यावर प्रकाश टाकायचा आणि फोटोत त्यातून अख्खे निसर्गदृश्य उभे करायचे, ही त्यांची टेबल-टॉप फोटोग्राफी. महागडी साधने नाहीत म्हणून अडून बसलेल्या मुलांनी चाळीसगावात जाऊन त्यांचे काम जरूर पाहावे.

तिसरी, शिल्पकार राम सुतार. धुळे तालुक्यातील गोंदूर गावी १९२५ साली सुतारकाम करणाऱ्या गरीब घरात त्यांचा जन्म झाला. ते जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. १९५० च्या दशकात पुरातत्त्व खात्यात असताना त्यांनी वेरूळच्या शिल्पांच्या दुरुस्तीचे काम केले. पुढे १८२ मीटर उंचीचा स्टॅच्यू ऑफ युनिटी त्यांच्या नमुन्यावरून उभा राहिला. मुंबईच्या इंदू मिलमधील स्मारकासाठी बाबासाहेबांच्या पुतळ्याचे शिल्पकारही तेच. स्टॅच्यू ऑफ युनिटीचा नमुना आधी हाताने घडवला गेला, नंतर त्याचे डिजिटल स्कॅनिंग करून तो मोठा करण्यात आला. आधी हात आणि मग मशीन, हा क्रम विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा.

कुठे शिकता येते?

जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत येतात. विद्यापीठाची स्थापना १५ ऑगस्ट १९९० ची. तेथे जनसंवाद आणि पत्रकारितेचा विभाग आहे. रावेर तालुक्यातील खिरोदा येथे सप्तपुट ललित कला भवन आहे आणि जळगाव शहरात केसीई सोसायटीचे ओजस्विनी कला महाविद्यालय आहे. घर सोडणे शक्य नसलेल्यांनी, विशेषतः मुलींनी, आधी इथे प्रत्यक्ष जाऊन चौकशी करावी. जवळ राहून चित्रकलेचा पाया पक्का करणे आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी बाहेर जाणे, हाही चांगला मार्ग आहे.

बाहेर जायचे तर छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे शासकीय कला महाविद्यालये आहेत. मुंबईत १८५७ पासूनचे सर जे.जे. आहे. तेथील उपयोजित कलेच्या शिक्षणात जाहिरात, अक्षररचना, फोटोग्राफी आणि कॉम्प्युटर ग्राफिक्स येतात. अखिल भारतीय पातळीवर अहमदाबादचे एनआयडी आणि आयआयटी मुंबईचे आयडीसी आहे. बारावीनंतर बी.डेस.साठी एनआयडीची स्वतःची परीक्षा असते, आयआयटीसाठी यूसीड द्यावी लागते. पुण्याच्या एफटीआयआयचा विचार पदवीनंतर करावा.

आणि मोठ्या संस्थेतच शिकले पाहिजे असेही नाही. नागराज मंजुळे अहमदनगरच्या महाविद्यालयात संज्ञापन अभ्यास शिकत होते. त्या शिक्षणाचा भाग म्हणून केलेल्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'फँड्री' आणि 'सैराट' त्यानंतरचे. जिल्ह्याच्या कॉलेजातला प्रकल्पही मनापासून केला तर दूर जातो.

प्रवेशाची तयारी

राज्यातील बीएफए प्रवेशासाठी सीईटी कक्ष दरवर्षी परीक्षा घेतो. कोणत्याही शाखेतून बारावी केलेल्याला ती देता येते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्य ज्ञान असे तिचे भाग असतात. जे.जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालेला असल्याने तेथील नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच पाहावेत.

आठवी-नववीत असलेल्या मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना जरूर बसवा. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात आणि हातही तयार होतो. रोज एक रेखाटन काढायचे, बसस्टँडवरची माणसे, बाजारातल्या केळीच्या गाड्या, आजीचा चेहरा, आणि वही जपून ठेवायची. मुलाखतीला हीच वही उपयोगी पडते.

लॅपटॉप नाही म्हणून थांबू नका. ब्लेंडर, क्रिटा, इंकस्केप, गिम्प, ऑडॅसिटी ही सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहेत. विहारात किंवा अभ्यासिकेत एक बरा कॉम्प्युटर वर्गणीतून बसवला, तर वस्तीतली दहा मुले पाळीपाळीने शिकू शकतात. जयंतीच्या डीजेच्या एका रात्रीच्या खर्चाशी तुलना करून पाहा.

संस्था खरी की नुसती जाहिरात?

फसगत होते ती इथे. "शंभर टक्के नोकरी"चा फ्लेक्स लावलेल्या वातानुकूलित क्लासमध्ये पालक उसनेपासने करून पैसे भरतात. दोन वर्षांनी कळते की हा क्लासचाच डिप्लोमा आहे, त्यावर ना पुढे प्रवेश मिळतो ना शिष्यवृत्ती. पैसे भरण्यापूर्वी हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा :

१. पदवी कोणते विद्यापीठ देणार? यूजीसी कायदा १९५६ च्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाला किंवा कायद्याने तसा अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. नाव यूजीसीच्या यादीत स्वतः पाहा.
२. हा अभ्यासक्रम महाडीबीटी पोर्टलवर दिसतो का?
३. एकूण फी किती? परीक्षा, साहित्य आणि सॉफ्टवेअरचे वेगळे पैसे किती?
४. पूर्णवेळ शिक्षक किती आणि त्यांचे स्वतःचे काम कुठे पाहायला मिळेल?
५. मागच्या तुकडीतील विद्यार्थ्यांचे प्रकल्प दाखवता का?

दुसऱ्या प्रश्नावर समोरचा अडखळला, तर उठून या.

शिष्यवृत्ती आणि कागदपत्रे

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटीवरून मिळते. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. उत्पन्न त्याहून जास्त असेल, तर फ्रीशिपची योजना पाहावी. बाहेरगावी शिकणाऱ्यांनी समाजकल्याणच्या वसतिगृहासाठी अर्ज करावा. तेथे जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. या योजनेत मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार, मधल्या गटातील शहरांत ५१ हजार आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये अशी रक्कम ठरवण्यात आली होती. अटी बदलत असतात, म्हणून अर्ज करताना चालू निर्णय सहाय्यक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात विचारून घ्या.

जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करा. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे वास्तव्याचे पुरावे मागतात. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, जुना सातबारा शोधायला वेळ लागतो. केंद्रीय संस्थांसाठी केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला वेगळा काढावा लागतो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्रातही सवलती लागू झाल्या. तो हक्क मिळवायला पिढ्या झगडल्या. तलाठी कार्यालयात उशिरा गेलो म्हणून तो वाया जाऊ देऊ नका.

पोट भरेल का?

खरे सांगायचे तर या क्षेत्रात सरकारी नोकऱ्या थोड्या आहेत. पण काम आहे. खान्देशात लग्नाचे शूटिंग, डीटीपी, फ्लेक्स, दुकानांच्या जाहिराती हा नेहमीचा धंदा आहे. अहिराणी गाण्यांनी आणि विनोदी व्हिडिओंनी यूट्यूबवर मोठा प्रेक्षक मिळवला, त्यामागे कॅमेरा, एडिटिंग आणि ध्वनीची कामे करणारी माणसे आहेत. पुणे-मुंबईत शालेय ॲप, बातम्यांची संकेतस्थळे, ॲनिमेशन स्टुडिओ आहेत. एआयमुळे साधे पोस्टर आता मिनिटात होते, म्हणून फक्त पोस्टर करणाऱ्याची मिळकत घटणार. विषय समजून कल्पना मांडणारा, चूक ओळखणारा आणि देवनागरी अक्षर नीट वापरणारा माणूस मात्र लागणारच.

आपल्याला हे का हवे?

मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अजिंठ्यात राहून चित्रांच्या नकला केल्या. १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. गिल यांची कबर भुसावळला आहे. नंतर जे.जे.च्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्यासोबत पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही अनेक १८८५ च्या आगीत गेल्या. एकच प्रत असली की इतिहास असा नष्ट होतो.

आपल्याकडेही एकच प्रत आहे. धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेबांचा मुक्काम झाला. त्याची आठवण म्हणून ३१ जुलैला तेथे भीमस्मृती यात्रा भरते. त्या काळाबद्दल घराघरांत सांगितले जाणारे, जुन्या पेट्यांत पडलेले फोटो, जलशांच्या वह्या, ज्येष्ठ उपासक-उपासिकांच्या आठवणी, हे कोण रेकॉर्ड करणार? जळगावच्या गांधी तीर्थमध्ये २०१२ पासून दृकश्राव्य माध्यमातून गांधीजींचे जीवन दाखवले जाते. तशी दालने आपल्या स्मारकांत उभी राहायची, तर ती घडवणारे हात आपल्याच मुला-मुलींचे का नसावेत?

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला, कारण आपले म्हणणे दुसऱ्याच्या छापखान्यातून बाहेर पडणार नाही हे त्यांना ठाऊक होते. आज छापखाना खिशात आहे. तो चालवायचे रीतसर शिक्षण घ्यायचे तेवढे बाकी आहे. या वर्षी तुमच्या वस्तीतला बॅनर करणारा मुलगा किंवा व्हिडिओ करणारी मुलगी बारावीला असेल, तर हा लेख त्यांच्या हाती द्या आणि वैधता प्रमाणपत्राच्या अर्जासाठी एक दिवस त्यांच्यासोबत जा.