नालबंदाची पत्री आणि डनलॉपची हवा

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. इथे इंग्रजांची छावणी होती, घोडदळ होतं. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी कोरेगावकडे निघाली ती इथूनच. त्या लढाईवर आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं. त्या घोड्यांना नाल कोणी ठोकले, हे मात्र कोणी विचारत नाही. नालबंद हे आडनाव आजही महाराष्ट्रातल्या मुस्लिमांमध्ये सापडतं. छावणी उठली, घोडे गेले, तरी बैलांना पत्र्या मारायला नालबंद लागायचाच. रस्त्यावर चालणाऱ्याचा पाय शाबूत ठेवणं, हा त्याचा धंदा.

चाकात हवा भरण्याची कल्पना तशी जुनी. रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ सालीच तिचं पेटंट घेतलं. मोटार अजून जन्मायची होती. लोक ते विसरले. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच गोष्ट पुन्हा केली. पुढे थॉमसनचं पेटंट उजेडात आलं आणि डनलॉपचं रद्द झालं. नाव मात्र त्याचंच उरलं. इतकं की साखर कारखान्यावर ऊस नेणाऱ्या रबरी चाकांच्या बैलगाडीला आपल्याकडे सरळ 'डनलॉप' म्हणतात! १९३६ मध्ये डनलॉपने बंगालमध्ये साहागंजला कारखाना काढला. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी धावली, तीही याच पुणे-नगर रस्त्यावर.

हवा आली तसं पंक्चरही आलं. आज शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर किंवा दौंड तालुक्यातलं यवत, पाटस, कुरकुंभ, कुठूनही जा. टांगलेला जुना टायर, कॉम्प्रेसर, पाण्याचं घमेलं दिसतंच. यातली बरीच दुकानं मुस्लिमांची. त्यावरून 'पंक्चरवाले' हा टोमणा समाजमाध्यमांवर रोज मारला जातो. पगारी नोकऱ्यांत मुसलमान कमी आणि स्वतःच्या छोट्या धंद्यात जास्त, हे सच्चर समितीने २००६ मध्येच आकड्यांनिशी मांडलं होतं. टोमणा मारणाऱ्याची गाडी रात्री दोनला कुरकुंभ घाटात बसली की तो कोणाला शोधतो, ते सांगायला नको.

आता गाडीत ठेवायचा छोटा पंप आला आहे. मुलं विचारतात, कुठला घ्यावा? डब्यावरच्या '१५० पीएसआय'ला भुलू नका. छोट्या गाडीला साधारण ३० ते ३५ लागतात. नेमका आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. पाहायचं ते वेगळंच. काटा खरा दाखवतो का, ठरलेल्या आकड्यावर पंप आपोआप थांबतो का, वायर मागच्या चाकापर्यंत पोचते का, आणि तापल्यावर तो किती वेळ बंद ठेवावा लागतो. बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा असेल तर तो किती अँपिअर ओढतो ते वाचा, नाहीतर गाडीचा फ्यूज जाईल. बॅटरीवाला सुटसुटीत खरा, पण मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत बॅटरी लवकर खराब होते, शिवाय ती चार्ज करायची आठवण ठेवावी लागते. मी वायरवालाच घेईन. हवा टायर थंड असताना मोजा, आणि नव्या पंपाचा काटा एकदा नेहमीच्या दुकानातल्या मापाशी ताडून पाहा. तो दुकानदार हसेल, पण सांगेल. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा असेल तर या पंपाच्या हवेवर त्याच्या दुकानापर्यंत पोचता येतं. खिळा काढून भोक बुजवायचं काम त्याचंच.

घरातल्या साध्या सायकलला हाच पंप वापरायचा असेल तर आधी तोटी पाहून घ्या. मोटारीच्या चाकाला श्रेडर व्हॉल्व्ह असतो, आपल्या जुन्या सायकलींना डनलॉप पद्धतीचा. ते एकमेकांना बसत नाहीत. मध्ये लावायची छोटी पितळी टोपी सायकलच्या दुकानात मिळते.