एसटीचे स्मार्ट कार्ड आणि सवलतीचा हिशेब

धाराशिव जिल्ह्यात तालुके आठ आणि एसटीचे आगार सहा. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, भूम आणि परंडा येथे आगार आहेत. लोहारा व वाशी हे तालुके शेजारच्या आगारांतून सुटणाऱ्या गाड्यांवर अवलंबून आहेत. रेल्वे जिल्ह्याच्या थोड्याच भागातून जाते. त्यामुळे आठवडी बाजार, दवाखाना, महाविद्यालय, कचेरी आणि तुळजाभवानीचे दर्शन या साऱ्यांसाठी सामान्य माणसाचा आधार लालपरीच आहे. या गाडीतील प्रवाशांचा मोठा भाग आज कोणत्या ना कोणत्या सवलतीत प्रवास करतो. स्मार्ट कार्डाचा प्रश्न येथे महानगरातील प्रश्नापेक्षा वेगळा ठरतो तो यामुळे. मेट्रोच्या फाटकावर कार्ड वेळ वाचवते. भूम-परंड्याच्या गाडीत वेळेपेक्षा महत्त्वाचे असते ते हे की, समोरचा प्रवासी कोणत्या सवलतीस पात्र आहे आणि त्याच्या भाड्याची उरलेली रक्कम महामंडळाला कोण देणार.

तिकिटांचा ट्रे आणि पंच यांचा काळ संपून वाहकाच्या हाती इलेक्ट्रॉनिक यंत्र आले, तेव्हाच हा हिशेब यंत्रावर ठेवण्याची सोय झाली होती. त्यापुढचे पाऊल म्हणून २०१९ मध्ये महामंडळाने स्मार्ट कार्ड योजना सुरू केली. ज्येष्ठ नागरिकांना निम्म्या भाड्यात प्रवास मिळत होता. परंतु त्यास वर्षाला चार हजार किलोमीटरची मर्यादा होती. कागदी ओळखपत्रावरून ही मर्यादा मोजणे अशक्य होते, शिवाय बनावट ओळखपत्रांच्या तक्रारीही होत्या. कार्डात प्रवाशाची ओळख आणि प्रवासाची नोंद एकत्र राहील, अशी अपेक्षा होती.

कल्पना योग्य होती, अंमलबजावणी मात्र रेंगाळली. आगारात समक्ष जायचे, आधारच्या आधारे नोंदणी करायची, शुल्क भरायचे आणि कार्ड येण्याची वाट पाहायची, असा तो क्रम होता. वाशी तालुक्यातील सत्तरीच्या वृद्धाला सवलतीचे कार्ड काढण्यासाठीच दुसऱ्या तालुक्याच्या गावी खेपा घालाव्या लागणे, हा त्यातील विरोधाभास. कार्ड सक्तीचे करण्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवण्यात आली. मध्येच करोना आला आणि नंतर संप झाला. २०२२ नंतर नवी अँड्रॉइड यंत्रे आली, यूपीआयने भाडे देण्याची सोय झाली आणि जुने कार्ड मागे पडले. ज्यांनी शुल्क भरून कार्ड घेतले होते, त्यांच्या हाती प्लास्टिकचा तुकडा तेवढा राहिला. पुन्हा कार्ड आणायचे झाल्यास या अविश्वासाची किंमत मोजावी लागेल.

दरम्यान सवलतींचा व्याप वाढला. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास मिळू लागला. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे भाडे लागू झाले. विद्यार्थ्यांचे पास आणि ग्रामीण मुलींसाठीची मोफत प्रवासाची अहिल्याबाई होळकर योजना पूर्वीपासूनच होती. मोफत प्रवाशालाही वाहक शून्य रुपयांचे तिकीट देतो. त्या तिकिटाला पैशांत किंमत नसली तरी हिशेबात आहे. कारण राज्य शासनाकडून मिळणारी भरपाई अशाच नोंदींवर ठरते. वाहकाने यंत्रावर चुकीचा प्रकार निवडला, तर एक तर शासनाला जादा भुर्दंड पडतो किंवा महामंडळाचे हक्काचे पैसे बुडतात. उभे राहायला जागा नसलेल्या गाडीत आधार कार्डावरील बारीक अक्षरांतील जन्मवर्ष वाचून हा निवाडा वाहकाने काही क्षणांत करायचा असतो. वयावरून होणारी हुज्जत ही वृद्धाला अपमानास्पद आणि वाहकाला जाचक असते. कार्डाचा खरा उपयोग येथे आहे. पात्रता एकदाच तपासली जावी, पुढे यंत्राने ती वाचावी.

भाड्याची रचनाही यात गुंतलेली आहे. एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरते. टप्पा ओलांडून एखादा किलोमीटर पुढे उतरणाऱ्यालाही पुढच्या पूर्ण टप्प्याचे पैसे द्यावे लागतात. साध्या गाडीचा टप्प्याचा दर ऑक्टोबर २०२१ मध्ये ७.४५ रुपयांवरून ८.७० रुपये झाला आणि २५ जानेवारी २०२५ पासून तो १०.०५ रुपये झाला. जून २०१८ मध्ये सुट्या पैशांची कटकट टाळण्यासाठी भाडे पाच रुपयांच्या पटीत आणले होते. सात रुपये झाले तर पाच घ्यायचे, आठ झाले तर दहा. २०२५ च्या दरवाढीत किमान भाडे १० वरून ११ रुपयांवर गेले आणि एका रुपयाच्या नाण्यावरून वाहक-प्रवासी वाद पुन्हा सुरू झाले. कार्डातून पैसे वळते होत असतील, तर भाडे पूर्णांकात आणण्याची गरजच उरत नाही, १०.०५ रुपये म्हणजे १०.०५ रुपयेच. टप्पाही मग तीन किंवा दोन किलोमीटरचा करता येईल. चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा कार्ड लावण्याची शहरी पद्धत मात्र येथे चालणार नाही. वाहक असलेल्या गाडीत, फाट्याफाट्यावर उतरणाऱ्या प्रवाशांकडून ते करून घेणे व्यवहार्य नाही.

यूपीआय असताना कार्ड कशाला, असे विचारले जाते. बालाघाटच्या डोंगररांगांतील रस्त्यांवर मोबाइलची रेंज सर्वत्र सारखी नसते, आणि अनेक वृद्धांकडे तसा फोनही नसतो. ४ मार्च २०१९ रोजी देशात सुरू झालेल्या राष्ट्रीय सामायिक गतिशीलता कार्डात शिल्लक रक्कम चिपमध्येच राहते. दोन हजार रुपयांपर्यंतची ही रक्कम रेंज नसतानाही वापरता येते. यंत्र दिवसअखेर आगारात हिशेब जुळवते. त्याच चिपमध्ये पास किंवा सवलतीची नोंद ठेवण्यासाठी वेगळी जागा असते. मुंबई आणि पुण्याच्या मेट्रोत याच धर्तीची कार्डे चालतात. म्हणजे धाराशिवहून पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाला दोन कार्डे बाळगण्याचे कारण उरणार नाही.

रोज ये-जा करणाऱ्यांसाठी आणखी एक सुधारणा शक्य आहे. महामंडळाचा मासिक पास वीस दिवसांच्या भाड्यात तीस दिवस चालतो. ही सवलत मोठी आहे. पण एकदम वीस दिवसांचे पैसे भरणे रोजंदारीवरच्या मजुराला जमत नाही. म्हणून ज्याला सर्वाधिक गरज, तोच रोज पूर्ण भाडे देतो. लंडनच्या ऑयस्टर कार्डात २००५ पासून दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा आहे. ती गाठली की पुढचा प्रवास फुकट. याच तत्त्वावर एका महिन्यात वीस दिवसांचे भाडे कार्डातून गेले, की उरलेल्या दिवसांचे घ्यायचे नाही, असे यंत्राला सांगता येते. पासची रांगही त्यामुळे कमी होईल.

उमरग्याची अडचण वेगळी आहे. आळंद आणि बसवकल्याण ही गावे १९५६ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यासह एकाच हैदराबाद राज्यात होती. सोयरिकी आणि बाजार आजही सीमेपलीकडे आहेत. महाराष्ट्राची महिला सवलत मात्र राज्याच्या हद्दीपर्यंतच. कर्नाटकाची ११ जून २०२३ पासूनची शक्ती योजना त्या राज्यातील रहिवासी महिलांपुरती. त्यामुळे उमरग्याहून कलबुर्गीला निघालेल्या महिलेला हद्दीपर्यंत निम्मे आणि पुढे पूर्ण भाडे पडते. दोन्ही राज्यांच्या महामंडळांची यंत्रे एकच कार्ड वाचू लागली, तरी सवलत वाढणार नाही. पण भाड्याचे दोन भाग यंत्र आपोआप करील आणि दोन सरकारांतील हिशेब नोंदींवरून चुकता होईल.

नोंदणीचा प्रश्न उरतोच. अलीकडच्या वर्षांत महामंडळाने विद्यार्थ्यांचे पास थेट शाळा-महाविद्यालयांत नेऊन देण्यास सुरुवात केली. तोच मार्ग ज्येष्ठांसाठी आठवडी बाजाराच्या दिवशी, ग्रामपंचायतीत किंवा वाशी-लोहाऱ्याच्या बसस्थानकावर अवलंबता येईल. जानेवारी २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांच्याकडेच धाराशिवचे पालकमंत्रिपद आले, तेव्हा असा प्रयोग याच जिल्ह्यापासून करण्यास निमित्त मिळाले होते. नवरात्र आणि कोजागरीच्या सुमारास तुळजापुरात जादा गाड्या सुटतात. त्या गर्दीत यंत्र आणि कार्ड दोन्हींची कसोटी लागेल. तोवर कार्ड नसलेल्या वृद्धाची सवलत नाकारली जाऊ नये, आणि कार्ड असले तरी हातात छापील तिकीट मिळावे. तपासणी पथक गाडीत चढले की प्रवाशाजवळ तोच पुरावा असतो.