पाळण्याजवळचे रक्त

आपल्या मालवण किनाऱ्यावरच्या मुलांना लांडगा ठाऊक असतो तो गोष्टीतला. रानाच्या कडेला राहणाऱ्यांना बिबळ्याचे भय खरे, लांडग्याचे मात्र ऐकीव. मध्ययुगीन युरोपात तसे नव्हते. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८१ साली पीटर कॉर्बेट या सरदारास पश्चिमेकडील पाच परगण्यांतील लांडगे समूळ नष्ट करण्याची आज्ञा दिली होती. त्या परगण्यांच्या पलीकडे वेल्सचा डोंगराळ मुलूख लागतो. लांडग्याच्या भयातून घडलेल्या एका हत्येची कथा त्याच मुलखात सांगितली जाते.

उत्तर वेल्सचा राजा थोरला लुएलिन (मृत्यू १२४०) शिकारीला गेला. गेलर्ट हा त्याचा आवडता कुत्रा त्या दिवशी बरोबर नव्हता. राजा परतला तेव्हा गेलर्ट शेपटी हलवीत सामोरा आला. त्याचे तोंड रक्ताने माखले होते. आत पाळणा उलटलेला, अंथरूण रक्ताळलेले आणि तान्हे मूल दिसेना. राजाने तलवार उपसून कुत्र्याला ठार केले. त्याच्या अखेरच्या आर्त स्वरापाठोपाठ मुलाचे रडणे ऐकू आले. पाळणा उचलून पाहतो तो मूल सुखरूप आणि शेजारी मेलेला प्रचंड लांडगा!

वेल्समधील बेदगेलर्ट या गावी आजही त्या कुत्र्याची समाधी दाखवतात. पण इतिहासाची साक्ष वेगळी आहे. ही समाधी उभी राहिली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस, गावातील एका खाणावळवाल्याच्या पुढाकाराने. गावाचे नाव पडले ते बहुधा एका प्राचीन साधुपुरुषावरून. साधू विस्मरणात गेला आणि त्याच्या नावावर कुत्रा अमर झाला.

फ्रान्समध्ये याच्या नेमके उलट घडले. तेराव्या शतकात दोमिनिकन संघाचे धर्मगुरू स्तेफन द बूर्बों लियों शहराजवळच्या खेड्यांत पापनिवेदन ऐकत असता अनेक स्त्रिया आपण आजारी बालकांना संत गिनफोरकडे नेल्याचे सांगू लागल्या. हा संत कोण, म्हणून फादरांनी चौकशी केली. गिनफोर हा एक शिकारी कुत्रा निघाला! त्याने पाळण्याजवळ आलेला साप मारला. रक्त पाहून धन्याने त्यालाच मारले. खरे कळल्यावर त्याला विहिरीत टाकून वर दगड रचले आणि भोवती झाडे लावली. पुढे तो वाडा ओस पडला. निर्दोष मेलेल्या त्या मुक्या जीवाला लोक हुतात्मा मानू लागले.

स्त्रिया तेथे रोगी अर्भकांना पेटत्या मेणबत्त्यांमध्ये झाडाखाली ठेवून दूर जात. काही बालके भाजून मेली. रानातून लांडगा आपल्या बाळाकडे येताना पाहिल्याचे एका मातेने सांगितले. ती धावली म्हणून बाळ वाचले. फादरांनी कुत्र्याची हाडे उकरून झाडांसह जाळली. तरीही ही श्रद्धा एकोणिसाव्या शतकापर्यंत तग धरून राहिली. झाडे जळाली, पण बाळ दगावण्याचे आईचे भय कसे जळावे?

वाचकहो, ही कथा आपल्याला परकी वाटली नसेल. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात ब्राह्मणाच्या घरातील मुंगूस सापाला मारते आणि रक्ताळलेल्या तोंडाने आईपुढे येते. ती डोक्यावरची घागर त्याच्यावर आदळते. पंचतंत्र सहाव्या शतकात इराणच्या पहलवी भाषेत गेले, आठव्या शतकात अरबीत आणि तेराव्या शतकात लॅटिनमध्ये. वाटेत मुंगसाचा कुत्रा झाला, सापाचा लांडगा झाला. बदलला नाही तो मारणारा. तो कधीच दुष्ट नसतो. तो बाप असतो, आई असते. रक्तही खोटे नसते. खोटा असतो तो भयाने काढलेला निष्कर्ष.

म्हणूनच ही कथा मध्ययुगात संपत नाही. १९९६ साली उत्तर प्रदेशच्या प्रतापगड, सुलतानपूर आणि जौनपूर भागांत लांडग्यांनी अनेक बालके नेली. ते दुःख खरे होते. पण हा लांडगा नव्हे, लांडग्याचे रूप घेतलेला माणूस आहे, अशी आवई उठली आणि गावोगाव अनोळखी वाटसरूंवर जमाव तुटून पडले; त्यांत काही निरपराध मारले गेले. आपल्या महाराष्ट्रात, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार केले. ते भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून जगणारे लोक होते. तेथे लांडगा नव्हता, साप नव्हता, पाळणाही उलटला नव्हता. होती ती केवळ मोबाइलवरून पसरलेली अफवा.

लुएलिनच्या हाती निदान रक्ताचा पुरावा होता. आपल्याला तेवढाही लागत नाही. मुलांवरील माया ही पवित्र गोष्ट आहे; पण ती भयाच्या हाती तलवार देते तेव्हा तिच्याइतकी निर्दय दुसरी शक्ती नाही. अशा वेळी करायचे काम अगदी साधे आहे. लुएलिनने ते केले, पण नंतर केले. आधी पाळणा उचलून पाहावा.